बेबीनंदाचं शेवटचं कडवं

प्रियाच्या लेखाच्या शेवटी संपादकांनी लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘सातवी नोंद वगळावी. व्यक्तिगत मुलाखती आम्ही संदर्भसूचीत घेत नाही. सदर गीत डॉ. टाकळकर यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले आहे. तोच अधिकृत संदर्भ द्यावा.’

बाकीच्या सूचनांबद्दल तिची तक्रार नव्हती. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नावाचं आद्याक्षर. वर्ष कंसात. पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरांत, लेखाचं सरळ. जालन्याच्या मस्तगडातल्या भाड्याच्या खोलीत बसून, खालच्या भांड्यांच्या दुकानातला खणखणाट ऐकत, तिनं सुट्टीचे दिवस या स्वल्पविरामांत घातले होते. कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जेवढे तास तेवढंच मानधन, आणि मे महिन्यात तेही नाही. कायम जागेची मुलाखत जवळ आली होती. तिथं मान्यताप्राप्त त्रैमासिकातला एक लेख दाखवल्याशिवाय कोणी दारात उभं करत नव्हतं.

संदर्भ लावण्याचं हे रटाळ काम तिला आवडायचं, पण हे ती कोणाला सांगत नसे. जे तुझं नाही ते ज्याचं आहे त्याच्या नावानिशी सांग. सगळ्या विद्यापीठी कारभारात एवढी एकच गोष्ट तिला आजवर स्वच्छ वाटत आली होती. ती सूचना वाचल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं, की या स्वच्छ चादरीखाली कोणीतरी काहीतरी दडपून ठेवलं आहे.

सातवी नोंद तिच्या आत्याची होती. पूर्ण नाव बेबीनंदा पुंजाराम हिवराळे. गायन पार्टीची कवयित्री, राजूर.

राजूरला गणपतीच्या दर्शनाला येणारी माणसं नारळ-पेढ्यांच्या दुकानांपाशी उतरतात आणि तिथूनच परत जातात. त्याच्या पलीकडे बौद्धवाडा आहे हे त्यांच्या ध्यानात येत नाही. बेबीनंदा लग्न होऊन तिथं आली तेव्हा तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. नवरा पुंजाराम दिवसा बांधकामावर जायचा आणि संध्याकाळी गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा. भीमजयंतीच्या महिन्यात पार्टी वाडीवाडीला फिरायची. बेबीनंदा मागं बसून टाळ धरायची. ऐकता ऐकता तिला कळलं, की बाया जी गाणी म्हणतात ती सगळी पुरुषांनी रचलेली आहेत, आणि त्यांत आई असली तरी ती नुसती रडते.

तिची लेक शाळेत जायला लागली तेव्हा तिनं पाटीवर लेकीकडूनच गिरवायला घेतलं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागल्यावर खिचडीचा तांदूळ निवडता निवडता तिनं पहिलं गाणं रचलं.

*लेकीनं काढलं अक्षर, मी पदरानं पुसलं,*
*पुन्हा काढ म्हणाले, बाई, तवा मनात ठसलं.*

पार्टीनं ते उचललं. गायन पार्टीचा एक कायदा आहे. तो कुठं लिहिलेला नाही आणि कोणी मोडतही नाही. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीनं आपलं नाव गुंफायचं. दुसऱ्या पार्टीनं ते गाणं म्हटलं तरी त्या कवीचं नाव म्हणूनच खाली बसायचं. पुंजारामनं पहिल्या जयंतीला शेवटच्या कडव्यात स्वतःचंच नाव घातलं. बाईचं नाव कसं घालावं, लोक काय म्हणतील, अशी त्याची अडचण होती. घरी आल्यावर बेबीनंदा म्हणाली, “ढोलकी तुमची हाय, मी कवा हात लावला का तिला? मंग गाणं माझं हाय.” चार-आठ दिवस घरात बोलणं बंद. मग त्यानंच भर मंडपात माइक तिच्या हातात दिला.

*बेबीनंदा म्हणे, बाई, तांदूळ निवडता निवडता*
*भीमाचं देणं कळलं मला पाटी गिरवता गिरवता.*

तिकडं भोकरदनच्या बाजूला सर्जेराव नावाच्या गायकानं तेच गाणं घेतलं आणि नावाच्या जागी ‘सर्जेराव’ बसवलं. ही गोष्ट राजूरला पोचायला वेळ लागला नाही. पुढची जयंती येईपर्यंत सर्जेरावच्या पार्टीला कोणत्याच वस्तीनं सुपारी दिली नाही. तो स्वतः येऊन बेबीनंदाच्या ओट्यावर बसला, पाणी मागितलं, म्हणाला, “चुकलं, ताई.” तिनं पाणी दिलं आणि तिथंच त्याच्याकडून शेवटचं कडवं म्हणवून घेतलं. आजही तो म्हणतो, बरोबर तिच्या नावानिशी.

डॉ. सोमेश्वर टाकळकर यांना असं ओट्यावर येऊन बसण्याची वेळ कधी आली नाही. ते आले होते तेव्हा टेप घेऊन आले होते. जालन्याच्या कॉलेजातले मोठे प्राध्यापक. बेबीनंदानं त्यांच्यासाठी ओट्यावर सतरंजी टाकली, चहा दिला, पुंजारामनं ढोलकी काढली, वाडा गोळा झाला. तिनं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. टेप बंद झाल्यावर सरांनी हात जोडले. नंतर पुंजाराम गेला. सर निवृत्त झाले. मराठवाड्यातल्या मातृगीतांचा त्यांचा ग्रंथ निघाला, त्याला पुरस्कार मिळाले. राजूरला त्याची प्रत कधी पोचली नाही.

प्रियाला ती प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात सापडली. गाणं होतं. आत्याचं एकेक अक्षर होतं. शेवटचं कडवं तेवढं नव्हतं. खाली बारीक टाइपात छापलं होतं: ‘पारंपरिक. रचयिता अज्ञात.’

ती ग्रंथालयात उभीच राहिली. अज्ञात! जिच्या हातचा चहा पिऊन गेले ती बाई अज्ञात. एका कडव्याबरोबर दोन माणसं गेली होती, गाणं रचणारी आणि ज्याच्यामुळं पाटी हाती आली तो भीम. उरलं होतं ते एका आईचं गोड गाणं. कोणत्याही घरातल्या आईला शोभेल असं. कोणाच्याही नजरेला टोचणार नाही असं.

तिनं लेखात हे सगळं लिहिलं होतं. आणि आता त्रैमासिक सांगत होतं, की त्याच पुस्तकाचा आधार घे.

तिनं फोन लावला. त्रैमासिकाच्या कचेरीत शीतल नावाची मुलगी मांडणी पाहायची. आवाज गोड होता.

“मॅडम, मी फक्त फॉरमॅट बघते हो. आमच्या साच्यात चारच प्रकार आहेत. पुस्तक, लेख, प्रबंध, संकेतस्थळ.”

“संकेतस्थळ चालतं?”

“हो, चालतं ना. खाली कधी पाहिलं ती तारीख टाकायची फक्त.”

“म्हणजे इंटरनेटवर कोणीही उठून काहीही लिहिलं तर ते चालतं. आणि माझी आत्या राजूरला जिवंत बसलीय, ती चालत नाही?”

शीतलला खरोखरच मदत करावीशी वाटली. “मग असं करा ना, मॅडम, आत्यांना एक ब्लॉग काढून द्या. पण तरी सर म्हणतील, ग्रंथ असताना ब्लॉग कशाला?”

“कोण सर?”

“टाकळकर सर. सल्लागार मंडळावर आहेत ना आमच्या.”

प्रियानं फोन ठेवला. खालच्या दुकानात कोणीतरी परात आपटली.

रविवारी ती राजूरला गेली. आत्याला सांगावं की नाही, हे जीपमध्ये तिचं ठरत नव्हतं. पुस्तकाची गोष्ट तिनं आतापर्यंत आत्यापासून दडवली होती. लेख छापून आला की तोच हातात देऊ, मग आत्याला फार लागणार नाही, असा तिचा हिशेब होता. बेबीनंदा ओट्यावर अंबाडी निवडत बसली होती. साठीची बाई, डोळ्यांना चष्मा, दांडीला दोरा बांधलेला. तिनं सगळं ऐकून घेतलं. नोंद कशी असते तेही विचारलं. प्रियानं मोबाइलवर दाखवलं. त्रैमासिकाच्या पद्धतीनं ती ‘हिवराळे, बे. पुं.’ अशी आकसली होती.

“बे पुं?” बेबीनंदानं चष्मा वर केला. “हे काय गं? बे एके बे, बे दुणे चार? माझं सासर, माहेर, नवरा, समदं एवढ्याशात कोंबलं व्हय?”

“पद्धत असते आत्या. सगळ्यांचंच तसं करतात.”

“सगळ्यांचं करत्यात तर करू दे. मला राग त्याचा न्हाई.” तिनं अंबाडीचं सूप बाजूला सारलं. “शेवटचं कडवं न्हाई म्हणतीस त्या पुस्तकात?”

“नाही.”

“पान फाटलं असंल.”

“फाटलं नाही आत्या. छापलंच नाही.”

बेबीनंदाच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. “सर्जेरावनं माझं नाव काढून त्याचं घातलं, ते समजतं मला. चोर व्हता बिचारा. ह्यानं माझं काढलं आन तिथं कोनाचंच ठिवलं न्हाई! अगं, हा चोर बी न्हाई. ह्यानं मला जित्तेपणी गाडलं.” ती उठली. “चल. त्याच्या घरी जाऊ.”

“आत्या, आत्ता?”

“मंग काय मुहूर्त काढू?”

सरांचं घर जालन्याला नव्या वसाहतीत होतं. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात शाली घड्या करून ठेवल्या होत्या, सन्मानचिन्हं एकमेकांना टेकून उभी होती. सरांनी बेबीनंदाला ओळखलं, अगदी आपुलकीनं ओळखलं. पुंजारामची ढोलकी आठवली त्यांना. तो गेल्याचं ऐकून त्यांचा चेहरा खरोखरच उतरला. यामुळंच प्रियाला जास्त संताप आला. दुष्ट माणूस भेटला असता तर बोलायला सोपं गेलं असतं.

“सर,” बेबीनंदा खुर्चीच्या टोकावर बसली होती, “माझं शेवटचं कडवं कुठं गेलं?”

सर हसले, समजावणीच्या सुरात आले. “बेबीताई, असं बघा. लोकगीत जे असतं ना, त्याला कर्ता नसतो. ते लोकांचं असतं. एकाचं नाव घातलं की ते लोकगीत राहत नाही.”

“मंग मी रचलं ते लोकगीत न्हवतंच. घेतलं कशाला?”

“कारण ते सुंदर होतं.”

“सुंदर व्हतं तर मुंडकं कशाला छाटलं?”

सरांनी प्रियाकडं पाहिलं, ती तरी शहाणी असेल या आशेनं. “शेवटचं कडवं थोडं प्रचारकी होतं, मॅडम. तुम्ही अभ्यासक आहात, तुम्हाला कळेल. आधीच्या कडव्यांत केवढी सार्वत्रिक माया आहे! ती कोणत्याही आईची वाटते.”

“ती कोणत्याही आईची नाहीये, सर,” प्रिया म्हणाली. “कोणत्याही आईला लेकीच्या पाटीवर शिकायची वेळ येत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या पाट्या होत्या त्यांना ती माया सार्वत्रिक वाटते. तिच्यापर्यंत पाटी कोणी पोचवली ते त्या कडव्यात आहे. तेवढंच तुम्ही कापलंत. आणि खाली लिहिलंत, अज्ञात. तुम्हाला ती अज्ञात होती?”

“शास्त्राची परिभाषा आहे ती.”

“तुम्ही तिच्या ओट्यावर बसला होतात.”

चहा आला. सरांनी स्वतः कप बेबीनंदाच्या हातात दिला. म्हणाले, ऋणनिर्देशात राजूरच्या भगिनींचे आभार आहेतच, पुढची आवृत्ती निघाली तर त्यात तुमचं नाव घालू. मग प्रियाकडं वळून, सहज बोलल्यासारखं, “मुलाखत आहे ना तुमची पुढं? लेख लवकर मार्गी लावा. एका नोंदीसाठी कशाला अडून बसता? समितीवरचे सगळे आपलेच लोक आहेत, मी शब्द टाकीन.”

धमकी होती की मदत, हे त्या माणसालाही माहीत नसावं.

निघताना सरांनी मोबाइल काढला. “बेबीताई, इतक्या वर्षांनी आलात. दोन ओळी म्हणा ना. नातवंडांना दाखवीन.”

बेबीनंदा दारात चपला घालत होती. “तुमाला शेवटच्या कडव्याबिगर गाणं होतं, सर. मला होत न्हाई,” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

रिक्षा मिळेना. दोघी उन्हात उभ्या होत्या. प्रियाच्या डोक्यात एकदम लख्ख झालं, आणि तिनं आत्याचा दंड धरला.

“आत्या, सापडलं! नोंद काढली तर काढू दे. मी तुला लेखिकाच करते. लेखाच्या वर दोन नावं, पहिलं तुझं, मग माझं. लेखकाचं नाव त्यांना काढता येत नाही. कोणत्याच नियमात बसत नाही ते.”

बेबीनंदानं विचार केला. “तो लेख मी लिहिला का?”

“गाणं तुझं आहे. माहिती तुझी आहे.”

“मी इचारलं लेख कोनी लिहिला.”

“मी.”

“मंग माझं नाव कसं टाकतीस?”

“आत्या, सगळे टाकतात. न लिहिणाऱ्या गाइडचं टाकतात, प्राचार्याचं टाकतात. मी तर तुझं टाकतेय!”

“टाकू दे त्याइला.” बेबीनंदा चिडलीच आता. “पुंजारामनं माझ्या गाण्यात सोताचं नाव घातलं तवा मी चार-आठ दिवस त्याच्याशी बोलले न्हाई. नवरा व्हता माझा. आन तू म्हणतीस, तुझ्या लिहिण्यावर मी नाव लावू? मंग त्या सरात आन माझ्यात काय फरक राह्यला? मला माझं गाणं पायजेल. तुझा लेख नगं.”

रिक्षा आली. प्रियाला आत्याचा राग येत होता, आणि आत्याचं बिलकुल बरोबर आहे, याचा त्याहून जास्त.

घरी येऊन तिनं लेख उघडला. सातवी नोंद तशीच ठेवली. ‘बे. पुं.’ तेवढं खोडून पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं, रचना मौखिक असल्याचं लिहिलं. टाकळकरांचा ग्रंथही सूचीत ठेवला, कारण तो आहे आणि त्यात ते गाणं छापलंय, हे खरं होतं. तळटीपेत लिहिलं: ‘या ग्रंथात गीताचे शेवटचे कडवे, ज्यात रचयित्रीचे नाव आहे, वगळण्यात आले आहे. रचयित्री हयात आहे.’ आणि संपादकांना उत्तर लिहिलं, की बाकी सर्व सूचना पाळल्या आहेत, ही पाळता येत नाही.

परतीचं उत्तर लांब नव्हतं. लेख ‘शैलीविषयक निकषांत न बसल्यामुळे’ साभार परत केला होता. शैलीविषयक! एका बाईचं नाव त्यांच्या शैलीत बसत नव्हतं. शीतलनं वेगळा निरोप पाठवला, ‘सॉरी मॅडम, मला लेख खूप आवडला होता.’ प्रियानं तो वाचला आणि उत्तर दिलं नाही. त्या मुलीवर राग काढून उपयोग नव्हता, पण तिच्यासाठी समजूतदार व्हायलाही ती त्या दिवशी तयार नव्हती.

पुढं तो लेख एका लहान मासिकानं छापला, अक्षर न अक्षर, कडव्यासकट आणि नोंदीसकट. ते मासिक कोणत्याच मान्य यादीत नव्हतं. मुलाखतीत समितीतल्या एका सभासदानं ते हातात घेतलं, पुठ्ठा उलटापालटा करून पाहिला, आत उघडलं नाही. “हे मान्यताप्राप्त आहे?” त्यानं विचारलं. प्रिया म्हणाली, “नाही.” मासिक टेबलावरून तिच्याकडं सरकवण्यात आलं. जागा दुसऱ्याला गेली. त्याच्या लेखाच्या संदर्भसूचीत टाकळकरांचा ग्रंथ होता, अगदी नियमाप्रमाणं, तिरप्या अक्षरांत.

बेबीनंदाला अंक द्यायला ती राजूरला गेली तेव्हा अंगणवाडी सुटली होती. आत्यानं शेवटचं पान उघडून बोटानं नोंद शोधली. आपलं नाव सापडल्यावर ती एकेक अक्षर फोडून, मोठ्यानं वाचत गेली. मग बोट खाली सरकवलं.

“ह्या सरचं बी हाय की.”

“द्यावं लागतं. त्यांचं पुस्तक आहे ना.”

“द्यावंच. त्यानं छापलं तर त्याचं नाव पायजेलच.” तिनं अंक मिटला आणि मांडीवर ठेवला. “तुझ्या नोकरीचं काय झालं?”

“नाही झालं.”

“का? हा कागद दाखवला न्हाईस का?”

“दाखवला. पण हा मोजत नाहीत.”

“छापलेला हाय ना?”

“छापलेला आहे. पण ज्यात छापलेलं मोजतात त्यांनी घेतला नाही.”

बेबीनंदानं अंक पुन्हा उघडून आपल्या नावावर बोट ठेवलं. “का घेतला न्हाई? माझं नाव हाय म्हणून?”

“तसं नाही गं आत्या, त्यांची एक पद्धत असते, साचा असतो...” प्रियानं सुरुवात केली, आणि आपण कोणाची वाक्यं बोलतोय हे तिच्या कानांना ऐकू आलं.

“तसंच आहे,” प्रिया म्हणाली.